जित्या माणसाचा फोटो

"आधी तो फोटू काढ!"

"मावशी, आत तर या. कुलूप तरी उघडू द्या."

"कुलूप ऱ्हाऊ दे तुझं. मी जित्ती हाय, मास्तर!"

"ते दिसतंय की मला."

"तुला दिसतंय! आख्ख्या माळीवाड्याला दिसंना झालंय, त्याचं काय?"

नगरच्या झेंडीगेटातल्या कमरुद्दीन मास्तरांच्या एका हातात किल्ल्यांचा जुडगा होता, दुसऱ्या हातात नेवाशाच्या लग्नातून आणलेला बुंदीचा डबा, आणि दुकानाच्या पायरीवर वाट अडवून लंकाबाई उभी. साठी कधीच ओलांडलेली, काठीसारखी ताठ, तोंडात पुढचा एक दात नाही. अंगावर मात्र नवंकोरं जांभळं लुगडं, घडीच्या रेघासुद्धा अजून न मोडलेलं. मास्तर टेलर होते. त्यांची नजर आधी लुगड्यावर गेली.

"लुगडं चांगलं आहे मावशी. कुणी घेतलं?"

"माझ्या मयताचं हाय!"

मास्तरांच्या मागं त्यांची बायको बिबीजान ट्रंक खाली ठेवत होती. शेजाऱ्यांकडून सोडवून आणलेली शेळी तिनं नुकतीच पायरीजवळच्या खांबाला बांधली होती. तिनं "या अल्ला" म्हणून कपाळाला हात लावला.

"माझ्याकडं काय बघता दोघं? तिकडं बघा." लंकाबाईनं हात लांब केला.

दुकानाच्या दाराशेजारी भिंतीत एक काचेची पेटी होती. कापडाच्या कंपनीनं दिलेला पुठ्ठ्याचा कोटवाला साहेब वर्षानुवर्षं तिच्यात उभा असायचा. नेवाशाला निघायच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी साहेबाला सुट्टी दिली होती आणि त्याच्या जागी एक मोठा, चौकटीतला काळा-पांढरा फोटो लावला होता. फोटोत लंकाबाई होती, तिच्या शेंगांच्या गाड्यामागं. आता पेटीच्या वरच्या खिळ्याला झेंडूचा एक हार अडकवलेला होता. उन्हानं सुकून तो काचेवर बरोबर लंकाबाईच्या गळ्याशी लोंबत होता.

"हार कुणी घातला?" मास्तरांनी विचारलं.

"मला इचारतोस? दुकान तुझं, पेटी तुझी!"

"मी तर नेवाशाला होतो."

"मग मी घातला का? मेल्यावर उठून?"

*

आमच्या नाटकमंडळीचे अंगरखे आणि झगे कमरुद्दीन मास्तरच शिवायचे, त्यामुळं हा माणूस मला बरा ठाऊक आहे. तालमीच्या जागी ते टेप घेऊन यायचे खरे, पण टेप गळ्यातच राहायची. दारातून आत येणाऱ्या नटाकडं बघूनच ते पुटपुटायचे, "छाती छत्तीस, डावा खांदा उतरता." मग टेप लावून बघायची ती केवळ नटाच्या समाधानासाठी. रस्त्यानं जाणारा कुणीही माणूस त्यांच्या नजरेत कापडावर आखल्यासारखा उमटायचा.

कॅमेरा त्यांच्याकडं आला तो भिंगारच्या लष्करी कॅम्पातून. लढाईच्या आधी एका कॅप्टनच्या लग्नाचा कोट बिघडला होता, पाठीला झोळ येत होता. मास्तरांनी तो कोट उसवून नव्यानं बसवला. लढाई संपल्यावर कॅप्टनची बदली निघाली, तेव्हा तो निरोप घ्यायला आला आणि मास्तरांच्या हातात एक लहानसं यंत्र ठेवून गेला. विड्यांच्या बंडलापेक्षा थोडं मोठं. कोटाच्या खिशात ठेवलं तरी खिसा लोंबायचा नाही, आणि मास्तरांना त्याचं सगळ्यात जास्त कौतुक त्यासाठीच होतं.

"मास्टरजी," जाताना कॅप्टन म्हणाला होता, "ये अपने आप कुछ नहीं करता. आँख आपकी, फ़ासला भी आपका."

म्हणजे असं, की त्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलं तर जवळचं-लांबचं सगळंच सारखं स्वच्छ दिसायचं. फोटोत नेमकं काय स्वच्छ उमटणार, ते भिंगाभोवतीच्या कडीवर ठरायचं. माणूस किती लांब उभा आहे ते आपण ओळखायचं, कडी त्या आकड्यावर फिरवायची आणि खटका दाबायचा. अंतर ओळखायचं! मास्तरांना हसूच आलं होतं. दुसरं आयुष्यभर केलं काय?

आणि फोटो काढायला रात्रच का, तर दिवसा शिलाईचं मशीन सुटत नसे. शिवाय लढाईच्या दिवसांत शहरात ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर मिट्ट अंधार. चितळे रोडवरून चालताना मास्तर दोनदा एकाच बैलाला धडकले होते. मग एका संध्याकाळी दिवे परत लागले. म्युनिसिपालटीचे ते पिवळे, माशा घोंगावणारे दिवे. आजवर त्यांच्याकडं मान वर करून कुणी बघितलं नव्हतं. मास्तर त्या रात्री जेवून बाहेर पडले आणि तेलीखुंटापासून माळीवाडा वेशीपर्यंत दिव्यादिव्याखाली थांबत गेले.

बिबीजाननं विचारलं, "अजी, काय शोधत होता?"

"काही नाही. दिवे लागलेत, ते बघून आलो."

त्यानंतर रोजच. जेवण झालं की कोट घालायचा, खिशात कॅमेरा, आणि बाहेर.

*

पहिल्या काही महिन्यांतले फोटो म्हणजे गंमतच होती. रोल धुऊन द्यायचे आबासाहेब. बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. पाठीमागं रंगवलेला ताजमहाल, पुढं एक खुर्ची आणि खुर्चीवर नवरा बसलेला, बायको उभी. एवढंच त्यांच्या लेखी फोटोचं जग.

"मास्तर, हा कोण?"

"हमाल. तेलीखुंटावरचा."

"आणि हे मागं?"

"दुकानाची पाटी."

"पाटी वाचता येतीय. 'येथे उत्तम चुना व तंबाखू मिळेल.' हमालाला मात्र नाक नाही."

"अंधारात हललं असेल."

"नाक हललं आणि पाटी नाही हलली?"

"तो खोकत होता."

"आणि हा टांगेवाला? हाही खोकत होता? मागची भिंत बघा कशी आलीय, वीट न् वीट मोजून घ्या. मास्तर, भिंतींचेच फोटो काढायचे तर दिवसा काढा. रोल वाया का घालवताय?"

मास्तर ते फोटो घरी आणून ट्रंकेत ठेवायचे. रात्री परत बाहेर. हात हलू नये म्हणून त्यांनी सगळे उपाय केले. दिव्याच्या खांबाला खांदा टेकवायचा, कोपर पोटाशी, आणि सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरायचा. तरी पुन्हा तेच. माणूस धुक्यात, मागचं जग लख्ख.

हे कोडं सुटलं ते घरात, एका रविवारी. बिबीजान पायजम्यासाठी कंट्रोलचं कापड घेऊन आली होती आणि फरशीवर पसरून वितीनं मोजत होती. मास्तर बाजूला फोटो मांडून बसले होते.

"तुमच्या प्रत्येक फोटोत माणसाच्या पाठीमागचंच छान येतं," ती मान वर न करता म्हणाली.

"आबासाहेबपण हेच म्हणतात."

"दाखवा ते यंत्र." तिनं कॅमेरा हातात घेतला, भिंगाभोवतीची कडी डोळ्यांजवळ नेली. "हे आकडे कशाचे?"

"अंतराचे. समोरचा दोनवर असला तर दोनवर लावायचं."

"दोन काय?"

"दोन म्हणजे दोन. दोन वार."

"वारच कशावरून? कापड मीटरवर गेलं त्याला किती वर्षं झाली! हे विलायती यंत्र तुमच्यासाठी वार मोजत बसेल का?"

 मास्तरांनी कॅमेरा उलटासुलटा करून बघितला, जणू कुठंतरी 'वार' असं लिहिलेलं सापडेल. सापडलं ते कडीच्या टोकाला एक बारीकसं इंग्रजी 'एम'.

"मीटर वारापेक्षा चार बोटं मोठा," बिबीजान म्हणाली. "दुकानदाराशी त्या चार बोटांसाठी भांडता. तुम्ही दोन वारावरच्या माणसासाठी दोन मीटर लावलं, म्हणजे आठ बोटं पलीकडं गेलं. आठ बोटांत हमालाचं आख्खं नाक बसतं!"

एवढं हसले दोघं, की पायजम्याचं माप पुन्हा घ्यावं लागलं.

वाराची सवय मात्र नजरेतून जाईना. पंचवीस वर्षं डोळा वारातच बघत आलेला. मग मास्तरांनी त्यावर आपली रीत काढली. कडी दोनवर लावून ठेवायची, माणसापासून दोन वारांवर उभं राहायचं आणि खटका दाबायच्या आधी मागं सरायचं, आठ बोटं. रात्री रस्त्यात कुणी बघितलं तर वाटायचं, हा माणूस समोरच्याला वाट देतोय.

*

लंकाबाईचा गाडा माळीवाड्याच्या स्टँडबाहेर. भाजलेल्या शेंगा, फुटाणे, वर गॅसबत्ती. रात्रीच्या गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर तिच्याकडून पुड्या बांधून घ्यायचे. मास्तर रोज तिथं थांबायचे आणि रोज एकच बोलणं व्हायचं.

"मावशी, एक फोटो काढू?"

"नगं रं बाबा. आमच्याकडं मानूस गेल्याबिगर त्याचा फोटू कुनी लावत न्हाई. फोटू काढला की मानूस भितीला लागतं."

"मी एवढ्या लोकांचे काढले. कोण लागलं भिंतीला?"

"तुझ्या फोटूत नाकच नसतंय. यमाला वळखू यायला नगं?"

हा वार मास्तरांना बसायचा. नाकं यायला लागल्यावर त्यांनी मुद्दाम हमालाचा नवा फोटो नेऊन दाखवला. लंकाबाईनं गॅसबत्तीशी धरून बघितला, हमालालाही हाक मारून बोलावलं, दोघांची तुलना केली.

"व्हय गं बाई. हुबेहूब. चामखीळसुद्दा आलीय."

"मग काढू?"

तिनं पुडी बांधता बांधता बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "काढ. पन कवा काढला ते मला सांगू नगंस. आन् भितीला लावू नगंस."

हे तिनं खरंच म्हटलं होतं आणि मास्तरांनी ते शब्दाला शब्द पाळलं, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणं. कित्येक रात्री ते खांबाला टेकून उभे राहिले. एका रात्री एका कंडक्टरनं काहीतरी चेष्टा केली. लंकाबाई पुडी पुढं करत हसली, मोकळी, पडलेल्या दातासकट. बत्तीचा उजेड खालून तिच्या हनुवटीवर, गालावर, कपाळावरच्या गोंदणावर. मास्तर आठ बोटं मागं सरले.

आबासाहेबांनी तो फोटो धुऊन काढला. त्यांनी तो भिंगातून बघितला, परत बघितला, आणि म्हणाले, "हा मोठा करू या, मास्तर. चौकट माझ्याकडनं."

मास्तरांच्या आयुष्यातला रात्रीचा हा पहिला फोटो, ज्याच्याकडं बघताना त्यांना काहीच माफ करावं लागत नव्हतं. आता एकच राहिलं होतं. तो लंकाबाईनं बघायला हवा होता. बाकी सगळे छान म्हणतील, बिबीजान म्हणालीच होती. पण हमालाची चामखीळ ताडून बघणाऱ्या त्या बाईनं एकदा बघावं आणि काय ते म्हणावं, एवढीच मास्तरांची आस. नेमकी तेव्हा ती पुणतांब्याला लेकीकडं गेली होती, नातीच्या बारशाला. गाडा पोत्यानं झाकून ठेवलेला. मास्तरांना वाटलं, येईल तेव्हा स्टँडवरून येता येता तिला दिसेल, चकित होईल. म्हणून त्यांनी फोटो पेटीत लावला, दुकानाला कुलूप घातलं आणि बिबीजानच्या भाच्याच्या लग्नाला नेवाशाला गेले.

*

पुढचं बहुतेक सगळं लंकाबाईनं पायरीवर उभं राहूनच सांगितलं, सगळ्या भूमिका स्वतः करत.

हार घातला होता दगडाबाईनं, हे मात्र मागाहून कळलं. ही हारवाली रोज सकाळी झेंडीगेटच्या रांगेतल्या प्रत्येक दुकानात शिरून तिथल्या देवाच्या फोटोला हार घालून जाते. कमरुद्दीन मास्तरांच्या दुकानात फोटोच नाही, म्हणून तिला कायम चुटपुट लागायची. त्या सकाळी तिला अधू डोळ्यांनी पेटीत चौकट दिसली. "मास्तरनंबी शेवटी लावला बाई कुनाचा तरी फोटू," असं म्हणत तिनं मोठ्या प्रेमानं खिळ्याला हार अडकवला आणि पुढं गेली. फोटो कुणाचा, हे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आता बघा. दुकानाला कुलूप. फोटोला हार. स्टँडवर गाडा झाकलेला. जामखेडच्या गाडीचा ड्रायव्हर रोज लंकाबाईच्या शेंगा खाणारा. तो आधी गाड्याशी थांबला, मग इकडून चालत गेला, आणि पेटीसमोर त्यानं टोपी काढली. गाडी जामखेडला गेल्यावर तो लंकाबाईच्या भावाला निरोप देऊनच घरी गेला.

भाऊ म्हणजे गहिनीनाथ. नवरा गेल्यावर लंकाबाई माहेरी न जाता नगरला आली आणि स्टँडवर गाडा लावला, तेव्हा हाच गहिनीनाथ म्हणाला होता, "आमच्या घरची बाई रातच्याला रस्त्यावर बसती? तू मला मेलीस." त्यानंतर वर्षानुवर्षं ना राखी, ना भाऊबीज.

"आन् काल," लंकाबाई म्हणाली, "मी पुनतांब्याहून उतरले. हातात बारशाच्या घुगऱ्या. चहावाल्यानं मला बघितलं आन् किटलीच टाकली. म्हनलं, याला काय झालं? तेवढ्यात जामखेडची गाडी लागली. त्यातनं आमचा गहिनी उतरला. फेटा सुटलेला, डोळं सुजलेलं, आन् काखंत हे लुगडं."

"माहेरचं लुगडं," बिबीजान हळूच म्हणाली. मेलेल्या बाईवर माहेरचं लुगडं घालतात, ते तिलाही माहीत होतं.

"व्हय. मी म्हनलं, गहिनी? त्यानं माझ्याकडं बघितलं. भुईवर बसला. आन् मलाच इचारतो, 'आक्के, कवा झालं गं?'"

बिबीजाननं तोंडात पदर कोंबला.

"हसतीस काय? म्या म्हनलं, काय कवा झालं? तर म्हनतो, 'तू वारलीस न्हवं?' आन् जो रडायला लागला! लोक जमलं. म्हनलं, गप ऱ्हा मेल्या, घुगऱ्या खा. घुगऱ्या खात खात रडत हुता."

"म्हणजे आला तो," मास्तर म्हणाले.

"आला."

"इतक्या वर्षांनी."

"ते ऱ्हाऊ दे!" लंकाबाई पुन्हा मूळ भांडणावर आली. "म्या सांगितलं हुतं का न्हाई, भितीला लावू नगंस?"

"भिंतीला कुठं लावला? पेटीत लावला."

"पेटी कशात हाय?"

"…भिंतीत."

"मग!"

"पण मावशी, आमच्यात म्हणतात, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं," बिबीजाननं मध्ये घातलं.

"आमच्यातबी म्हनत्यात. पन कशाला वाढवायचं गं? गाडा ढकलून गुडघं गेलं. काल रातच्याला दोन गिऱ्हाइकं पुडी घ्यायला आली आन् आधी माझं पाय बघितलं, उलटं हायेत का सुलटं. शेंगा पन्नास पैशाच्या घ्यायच्या आन् भुताला नवस बोलायचा! धंदा कसा करू मी?"

"आत्ता गाड्यावर कोण आहे मग?"

लंकाबाईनं मान दुसरीकडं फिरवली. "गहिनी."

"कोण?"

"बहिरा झालास का? गहिनी. काल रातीपास्नं बसलाय. म्हनला, 'आक्के, तू इसावा घे, मी बघतो.' पुडी बांधता येत न्हाई, शेंगा सांडतो, ड्रायव्हरास्नी 'राम राम पावनं' म्हनतो. बत्तीत हवाबी त्यानंच भरली."

 रस्त्यावरचा दिवा फडफडत लागला. मास्तरांनी नेहमीच्या सवयीनं मान वर केली.

"त्यानं बघितला का फोटो?" त्यांनी विचारलं.

"त्यो इथं यायला मागत न्हवता, म्याच आनला ओढून. म्हनलं बघ, कशापायी रडलास ते. बराच वेळ हुबा हुता." लंकाबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "म्हनला, ही आईच हाय."

"आईचा फोटो आहे तुमच्याकडं?"

"कुठला फोटू? आईचा कुनी काढलाच न्हाई."

मास्तरांनी बुंदीचा डबा बिबीजानच्या हातात दिला. जुडग्यातली लहान पितळी किल्ली, पेटीची, त्यांनी चाचपून वेगळी काढली.

"मावशी, तुमचं बरोबर आहे. तुम्ही नको म्हणाला होतात, मी शब्दात पळवाट काढली. काढतो फोटो." ते पेटीजवळ गेले आणि तिथंच थांबले. "पण एक विचारतो. तुम्ही स्वतः बघितलात का तो?"

"बघितला की."

"हार बघितला असेल. कुलूप बघितलं असेल. फोटो बघितलात?"

लंकाबाईनं नजर शेळीकडं वळवली.

"काल तुम्ही गहिनीभाऊंना इथं उभं केलंत आणि स्वतः रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिला असाल. खरं सांगा."

"तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. माझी नजर मापाची आहे, मावशी. एवढ्या वेळात एकदाही तुमची मान इकडं पूर्ण वळलेली नाही."

"भ्या वाटतं," लंकाबाई म्हणाली, अगदी साधेपणानं. "आपनच आपल्याला हार घातलेलं कसं बघायचं?"

"मग हाराकडं बघू नका. त्याच्या खाली बघा. एकदा. मग मी किल्ली लावतो, आणि तुम्हाला परत कधी दिसणार नाही."

बिबीजाननं शेळीची दोरी आखडून वाट मोकळी केली. लंकाबाई पायरी उतरली आणि पेटीसमोर आली. दिव्याचा उजेड काचेवर तिरका पडत होता, त्यामुळं आधी तिला काचेत आताचं तोंड दिसलं असणार. मग तिनं जागा बदलली, मान तिरपी केली. थोडी जवळ गेली. थोडी मागं सरली. मास्तरांना तिच्या पावलांकडं बघून वाटलं, बरोबर, तिथंच. आता नाक येईल.

फोटोतली लंकाबाई पुडी पुढं करून हसत होती. मागं स्टँड, एसटीचा एक धूसर दिवा, कुणाचा तरी अर्धा खांदा. सगळं मागं गेलेलं आणि पुढं तीच, गोंदणासकट, कपाळावर आलेल्या एका पांढऱ्या बटेसकट. हसताना तिच्या डोळ्यांच्या कडांना ज्या घड्या पडायच्या, त्या एकूण एक उमटल्या होत्या.

तिनं जिभेनं पडलेल्या दाताची जागा चाचपली. फोटोत होती तशीच.

 रस्त्यानं एक सायकलवाला गेला. जाता जाता त्यानं लंकाबाईकडं, मग पेटीकडं, मग पुन्हा लंकाबाईकडं बघितलं आणि पायडल जोरात मारलं.

"बोला मावशी," मास्तरांना आता राहवेना. किल्लीचं टोक कुलपाशी होतं. "कसा आलाय? ठेवू का काढू?"

लंकाबाईनं खांद्यावरचा पदर ओढला. नव्या लुगड्याचं जांभळं टोक मुठीत धरून तिनं काच पुसली. आधी कडेची धूळ, मग मध्ये, मग फोटोतल्या तोंडावरून दोनदा, लहान पोराचं नाक पुसावं तशी. मग टाचा उंचावून खिळ्याचा हार काढला, त्याचं वेटोळं केलं आणि शेळीपुढं टाकला. शेळीनं मान खाली घातली आणि झेंडू चावायला लागली.

"मावशी?" मास्तर म्हणाले. "काय समजू?"

लंकाबाईनं पदर कमरेला खोचला, बिबीजानच्या हातातल्या डब्यातली मूठभर बुंदी उचलली आणि दिव्याखालून, स्टँडच्या दिशेनं चालू लागली.